एस/३७० साठी स्वतः बूट होणारा प्रोग्राम: तीन कार्डं, २४० बाइट (हर्क्युलीसवर)

झिरोमाईल

ऑपरेटिंग सिस्टीम न चढवता थेट आपलाच प्रोग्राम आयपीएल (म्हणजे बूट) कसा करायचा, याची उत्तरं इथे चार-पाच धाग्यांत विखुरली आहेत. ती एका ठिकाणी आणतो. लक्ष्य ठेवलंय आयबीएमचं मेनफ्रेम सिस्टीम/३७०, बीसी मोड (त्याची सिस्टीम/३६० सारखी जुनी कार्यपद्धती); ते आपल्या संगणकावर हर्क्युलीस या एम्युलेटरमध्ये चालवायचं. १९६४ च्या सिस्टीम/३६० ची आयपीएलची रीत इथे जवळपास तशीच चालते, आणि शिकायला हिच्याइतकी सोपी रीत पुढच्या यंत्रांत उरली नाही.

सगळे पत्ते आणि बाइटांच्या किमती हेक्समध्ये आहेत, दहा ते पंधरासाठी ए ते एफ; किती बाइट ते मात्र साध्या दशमान आकड्यांत. टंकताना अर्थातच रोमन लिपी आणि इंग्रजी अंक वापरायचे.

लोडचं बटण दाबलं की (हर्क्युलीसमध्ये आयपीएल ही आज्ञा दिली की) चॅनेल (उपकरणांशी देवाणघेवाण करणारा, सीपीयूपासून वेगळा भाग) त्या उपकरणातून २४ बाइट वाचतं आणि स्मृतीत पत्ता ० पासून ठेवतं. त्यातले पहिले आठ म्हणजे पीएसडब्ल्यू (सीपीयूची अवस्था आणि पुढच्या सूचनेचा पत्ता). पत्ता ८ वर पहिला सीसीडब्ल्यू (चॅनेलला दिलेली आज्ञा), पत्ता १० वर दुसरा. हे २४ बाइट वाचणारी आज्ञा यंत्राने गृहीत धरलेली असते आणि तिला पुढची साखळी जोडलेलीच असते. म्हणून वाचन संपताच चॅनेल पत्ता ८ वरची, म्हणजे आत्ताच आत आलेली आज्ञा उचलतं. तोवर सीपीयूने एकही सूचना चालवलेली नसते. साखळी बिनचूक संपली तरच पत्ता ० वरचा पीएसडब्ल्यू लोड होतो आणि सीपीयू धावू लागतो.

सीसीडब्ल्यूचे आठ बाइट असे: १ बाइट आज्ञा, ३ बाइट पत्ता, १ बाइट फ्लॅग, १ बाइट शून्य, २ बाइट संख्या. फ्लॅगमध्ये ४० म्हणजे पुढच्या सीसीडब्ल्यूकडे जा, २० म्हणजे लांबी जुळली नाही तरी तक्रार करू नको. दोन्ही हवे तर ६०.

आता कार्डं. प्रत्येक कार्ड बरोबर ८० बाइटचं, उरलेली जागा शून्यांनी भरायची.

कार्ड १:
०० ०० ०० ०० ०० ०० ०२ ०० (पीएसडब्ल्यू, सुरुवात २०० वर)
०२ ०० ०० ५८ ६० ०० ०० २८ (कार्ड २ मधले ४० बाइट ५८ वर)
०२ ०० ०२ ०० २० ०० ०० ५० (कार्ड ३ मधले ८० बाइट २०० वर)

कार्ड २ (प्रत्येक प्रकारच्या इंटरप्टचा, म्हणजे सीपीयूचं काम मध्येच तोडणाऱ्या घटनेचा, नवा पीएसडब्ल्यू):
०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ५८ (एक्स्टर्नल)
०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ६० (एसव्हीसी)
०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ६८ (प्रोग्राम चेक)
०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ७० (मशीन चेक)
०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ७८ (आय/ओ)

कार्ड ३:
२००: ४१ १० ०२ २० (एलए, रजिस्टर १ मध्ये २२०)
२०४: ५० १० ०० ४८ (एसटी, सीएडब्ल्यूमध्ये, म्हणजे चॅनेल पहिल्या सीसीडब्ल्यूचा पत्ता जिथून घेतं तिथे)
२०८: ९सी ०० ०० ०९ (एसआयओ, उपकरण ००९ चं काम सुरू)
२०सी: ९डी ०० ०० ०९ (टीआयओ, उपकरण मोकळं आहे का)
२१०: ४७ ७० ०२ ०सी (मोकळं नसेल तर मागे)
२१४: ८२ ०० ०२ १८ (एलपीएसडब्ल्यू, २१८ वरचा पीएसडब्ल्यू लोड)
२१८: ०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ०० (थांबण्याचा पीएसडब्ल्यू)
२२०: ०९ ०० ०२ २८ २० ०० ०० ०६ (कन्सोलवर ६ अक्षरं)
२२८: डी५ सी१ सी७ डी७ ई४ डी९ (ईबीसीडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात NAGPUR या सहा रोमन अक्षरांऐवजी इथे बाइटच दिले: एन, ए, जी, पी, यू, आर)

कार्ड २ गाळायचा मोह होतो. गाळू नका. प्रत्येक इंटरप्टच्या नव्या पीएसडब्ल्यूच्या जागी ‘थांब’ लिहून ठेवलं आणि पत्त्याच्या खुणा वेगवेगळ्या दिल्या, की यंत्र कुठे अडलं ते थांबलेल्या पीएसडब्ल्यूचे शेवटचे तीन अंकच सांगतात. ई०० म्हणजे ठीक, ई६८ म्हणजे प्रोग्राम चेक. त्या जागी शून्यं राहिली तर पहिल्याच चुकीला सीपीयू पत्ता ० वर उडी मारतो, तिथला ०० हा ऑपकोडच नाही म्हणून पुन्हा प्रोग्राम चेक, पुन्हा पत्ता ०. बाहेरून नुसता फिरत असलेला सीपीयू दिसतो आणि मूळ चुकीचा माग पुसला जातो.

कार्ड २ ची सुरुवात ५८ वर ठेवण्यालाही कारण आहे. ५० ते ५३ या चार बाइटवर इंटरव्हल टायमर बसतो आणि सीपीयू चालू असताना यंत्र स्वतः ते बदलत राहतं. तिथे सूचना किंवा डेटा ठेवला तर तो आपोआप बिघडतो, आणि दर वेळी वेगळाच बिघडतो.

फाइल करायची तर हेक्स साध्या मजकुरात लिहून एक्सएक्सडी या आज्ञेने उलट फिरवा (पर्याय आर आणि पी). वर दिलेले पत्ते आणि कंसातली टिपणं त्यात घ्यायची नाहीत, नुसते बाइट. फाइल मोजून २४० बाइट भरली पाहिजे.

हर्क्युलीसच्या संरचना फाइलीत आर्किटेक्चर एस/३७० ठेवा. ००सी वर ३५०५ रीडर, फाइलीचं नाव आणि पुढे ईबीसीडिक हा शब्द. ००९ वर ३२१५-सी, म्हणजे हर्क्युलीसच्याच पडद्यावरचा कन्सोल. मग आयपीएल ००सी.

फुटाळा

करून पाहिलं तर आयपीएल फेल येऊन राहिलं, सीएसडब्ल्यू (चॅनेलच्या कामाचा निकाल) स्टेटस ०सी४०. फाइल २४० बाइटचीच आहे, दोनदा मोजली.

झिरोमाईल

कार्ड १ मधल्या पहिल्या सीसीडब्ल्यूचा फ्लॅग पाहा, तिथे ६० ऐवजी ४० पडलं असणार. स्टेटसचा पहिला बाइट उपकरणाचा: ०८ चॅनेल एंड, ०४ डिव्हाइस एंड, ०२ युनिट चेक, ०१ युनिट एक्सेप्शन. दुसरा बाइट चॅनेलचा: ४० म्हणजे लांबी जुळली नाही, २० म्हणजे चॅनेलचा प्रोग्राम चेक. तुमच्याकडे उपकरणाने काम नीट संपवलंय (०सी), पण कार्ड ८० बाइटचं आणि आपण ४० मागितले, म्हणून चॅनेलने साखळी तोडली.

०ई दिसलं तर युनिट चेक: फाइलच सापडत नाही किंवा रीडर रिकामा. ०डी दिसलं तर कार्डं संपली.

फुटाळा

हो, ४० च होतं भाऊ. आता पडद्यावर अक्षरं आली आणि ई०० वर थांबलं. पण पुन्हा आयपीएल दिलं तर परत फेल.

झिरोमाईल

गठ्ठा वाचून झालाय. खऱ्या यंत्रावर कार्डं उचलून पुन्हा हॉपरमध्ये ठेवावी लागत, इथे तेच काम डेव्हइनिट या आज्ञेने होतं: डेव्हइनिट ००सी, फाइलीचं नाव, ईबीसीडिक. प्रत्येक आयपीएलच्या आधी द्या.

ईबीसीडिक हा शब्द दर वेळी लिहायचाच. तो नसला तर हर्क्युलीस फाइलीच्या सुरुवातीच्या बाइटांवरून अंदाज बांधतं. आस्की मानून वाचलं तर प्रत्येक बाइटचं भाषांतर होतं आणि आपल्या सूचनांचा चुरा होतो. फाइल विंडोजवरून टेक्स्ट म्हणून हलवली तरी तेच. ०डी आणि ०ए हे आपल्यासाठी साधे बाइट आहेत, ओळीचा शेवट नव्हे.

गोरेवाडा

झिरोमाईल, तुमच्या कार्ड ३ मध्ये एक भोक आहे. २१० वरचा मास्क ७ म्हणजे कंडिशन कोड (आधीच्या सूचनेचा निकाल) १, २, ३ तिन्हींवर मागे. कोड ३ म्हणजे असं उपकरणच नाही. एमव्हीएस या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या तयार संचांतली संरचना उचलणाऱ्यांकडे कन्सोल ००९ ऐवजी ०१० वर असू शकतो. त्यांचा प्रोग्राम ना छापणार ना थांबणार, जन्मभर फिरत राहील. एसआयओनंतर लगेच कोड ३ तपासायला हवा.

पण नुसती एक सूचना मध्ये घातली की खालचं सगळं चार बाइट सरकतं आणि २१८ चा पीएसडब्ल्यू २१सी वर जातो. एलपीएसडब्ल्यूला आठने भागला जाणारा पत्ता लागतो, म्हणून तिथे स्पेसिफिकेशन एक्सेप्शन येऊन ई६८ वर थांबाल. सीसीडब्ल्यूलाही तीच अट. सगळी मांडणी बदलून असं करा:

२००: ४१ १० ०२ ३०
२०४: ५० १० ०० ४८
२०८: ९सी ०० ०० ०९
२०सी: ४७ १० ०२ १सी
२१०: ९डी ०० ०० ०९
२१४: ४७ ७० ०२ १०
२१८: ८२ ०० ०२ २०
२१सी: ८२ ०० ०२ २८
२२०: ०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ००
२२८: ०० ०२ ०० ०० ०० ०० ०ई ०३
२३०: ०९ ०० ०२ ३८ २० ०० ०० ०६
२३८: डी५ सी१ सी७ डी७ ई४ डी९

एकूण ६२ बाइट, पुढे १८ शून्यं. कन्सोल नसेल तर ई०३ वर थांबेल.

दुसरं, टीआयओचं हे वळण शिकण्यापुरतंच ठेवा. त्यात यजमान यंत्राचा एक कोअर शंभर टक्के जुंपला जातो. इथे बरेच जण रास्पबेरी पायवर हर्क्युलीस चालवतात, आणि मे महिन्यात नागपुरात खोलीतच चाळीसच्या वर पारा असतो. पाय ४ हा ८० अंश सेल्सिअसला स्वतःचा वेग कमी करू लागतो, तिथवर पोचायला त्याला वेळ लागत नाही. पंखा लावणं हा उपाय नाही, वळण काढणं हा उपाय आहे.

योग्य रीत अशी. ७८ वर आपल्या हँडलरच्या पत्त्याचा पीएसडब्ल्यू एमव्हीसी या बाइट हलवण्याच्या सूचनेने ठेवा. एसआयओ द्या, कोड ० मिळाला की ८० ०२ ०० ०० ०० ०० ०० ०० हा पीएसडब्ल्यू लोड करा. पहिला बाइट ८० म्हणजे चॅनेल ० चे इंटरप्ट उघडे, ०२ म्हणजे वाट पाहा. आता सीपीयू खरोखर झोपतो. इंटरप्ट आला की हँडलरमध्ये पत्ता ४४ वरच्या बाइटात (स्टेटसचा पहिला बाइट) ०४ चा बिट टीएम या सूचनेने तपासा. नसेल तर फक्त चॅनेल एंड आलाय, पुन्हा झोपा. असेल तर काम झालं. कोणत्या उपकरणाने उठवलं ते ३ए-३बी वर असतं.

चॅनेल ० म्हणजे ००० ते ०एफएफ हे पत्ते. टेप १८० वर असेल तर तो चॅनेल १, तिथे मास्क ४०. हा मास्क विसरला तर इंटरप्ट बाहेर ताटकळत राहतो आणि सीपीयू आत झोपून राहतो. अशा वेळी चूक काहीच दिसत नाही, फक्त शांतता.

झिरोमाईल

ताई, बरोबर आहे. नवीन येणाऱ्यांनी वरचं माझं कार्ड ३ सोडून गोरेवाडांचं घ्यावं.

तर्रीपोहा

८० बाइटच्या पुढे जायचं असेल तर? आणि बेस रजिस्टर (ज्यात पत्त्याचा मूळ आकडा असतो ते) कुठेच दिसत नाही, ते कसं चाललं?

झिरोमाईल

बेसच्या जागी ० लिहिलं की यंत्र रजिस्टर ० ची किंमत घेत नाही, सरळ शून्य मानतं. डिस्प्लेसमेंट (सूचनेतच लिहिलेलं अंतर) १२ बिटांचं, म्हणून पहिल्या ४०९६ बाइटांत राहणाऱ्या प्रोग्रामला बेस लागतच नाही. असेंब्लरमध्ये युजिंग ०,०. आयपीएलनंतर रजिस्टरांत काय असेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे लहान प्रोग्रामसाठी हीच सुरक्षित वाट. ४०९६ च्या पुढे गेलात की पहिली सूचना बीएएलआर १२,० आणि मग युजिंग.

जास्त कार्डांसाठी जुनी युक्ती आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. कार्ड १ चा पहिला सीसीडब्ल्यू कार्ड २ ला १०० वर वाचतो (०२ ०० ०१ ०० ६० ०० ०० ५०) आणि दुसरा असतो टीआयसी, म्हणजे चॅनेलची उडी (०८ ०० ०१ ००, पुढे शून्यं). कार्ड २ वर दहा सीसीडब्ल्यू मावतात. पहिले आठ प्रोग्रामची आठ कार्डं, म्हणजे ६४० बाइट, आत आणतात. नववा पुढची यादी पुन्हा १०० वरच वाचतो. दहावा टीआयसी, परत १०० ला. चॅनेल स्वतःच्याच पायाखालची यादी बदलत पुढे जातं.

यातली नेहमीची चूक शेवटच्या यादीत होते. नवव्याने नवी यादी आणली की चॅनेल लगेच दहावा उचलतं, आणि तो *नव्या* यादीतला दहावा असतो. त्यामुळे शेवटच्या यादीतही दहाव्या जागी टीआयसी हवाच, जरी तिथून पुढे वाचायला काही उरलं नसलं तरी. शेवटच्या यादीत पहिल्या नऊ जागांत कार्डं आणि ज्यावर थांबायचं त्याचा फ्लॅग २०. दहावी जागा शून्य ठेवली तर चॅनेलचा प्रोग्राम चेक, म्हणजे दुसऱ्या बाइटात २०.

अंबाझरी३७०

एवढं सगळं कार्डावर करण्यापेक्षा टेप घ्या नं. एका सीसीडब्ल्यूत ६५,५३५ बाइटपर्यंत येतात. पहिला ब्लॉक २४ बाइटचा, दुसऱ्यात अख्खा प्रोग्राम. पहिल्या ब्लॉकमध्ये पीएसडब्ल्यू, मग ०२ ०० ०२ ०० २० ०० ७एफ एफ८, मग शून्यं. ३२,७६० मागितले आणि ब्लॉक छोटा असला तरी फ्लॅग २० मुळे अडत नाही. फक्त मग ५८ ते ७एफ चे थांबण्याचे पीएसडब्ल्यू प्रोग्रामने पहिल्याच सूचनेत एमव्हीसीने जागेवर ठेवावेत, ४० बाइट एका झटक्यात जातात.

एडब्ल्यूएस फाइल (टेपची प्रतिमा) हाताने करता येते. प्रत्येक ब्लॉकच्या आधी ६ बाइटचं शीर्षक: या ब्लॉकची लांबी, मागच्याची लांबी, मग ए० ००. लांबी उलट्या क्रमाने, लहान बाइट आधी. मेनफ्रेमच्या सवयीने मोठा बाइट आधी लिहिला की २४ चे ६१४४ होतात. पहिलं शीर्षक १८ ०० ०० ०० ए० ००. शेवटी टेपमार्क: लांबी शून्य, मागच्याची लांबी, ४० ००.

तर्रीपोहा

असेंब्लरचा ऑब्जेक्ट डेक थेट रीडरमध्ये टाकला तर चालतो का? टीके४- या एमव्हीएसच्या तयार संचातल्या आयएफओएक्स०० असेंब्लरने बनवलेला आहे.

झिरोमाईल

थेट नाही. त्याचं पहिलं कार्ड ईएसडी (नावांची यादी) असतं आणि त्याचा पहिला बाइट ०२, त्यात पीएसडब्ल्यू नसतो. ते २४ बाइट आत गेले तर चॅनेल अक्षरांनाच आज्ञा समजेल. टीएक्सटी (प्रत्यक्ष कोड असलेल्या) कार्डाची रचना माहीत असली की काम सोपं: स्तंभ ६ ते ८ पत्ता, ११-१२ बाइटसंख्या, १७ ते ७२ मध्ये जास्तीत जास्त ५६ बाइट मजकूर. ७३ ते ८० क्रमांक, तो सोडून द्यायचा. तीस ओळींच्या पायथन स्क्रिप्टने ही कार्डं उलगडून सपाट प्रतिमा करता येते. प्रोग्राम स्टार्ट ५१२ ने निश्चित पत्त्यावर बांधला असेल आणि एकच सेक्शन असेल तर आरएलडी (पत्ते दुरुस्त करायच्या) कार्डांकडे पाहायची गरज नाही.

डीएस या असेंब्लरच्या आज्ञेने नुसत्या सोडलेल्या जागेसाठी टीएक्सटी कार्ड निघत नाही. स्क्रिप्टने ती भोकं शून्यांनी भरली नाहीत तर त्यापुढचं सगळं खाली सरकतं. बहुतेकांची प्रतिमा इथेच बिघडते.

अंबाझरी३७०

मला वाटतं नवीन माणसाने थेट एसएटीके या साधनसंचापासून सुरू करावं. त्यातला एएसएमए असेंब्लर पायथन ३ वर चालतो, एमव्हीएस उभं करायची गरजच नाही, आणि आयपीएलसाठी लागणारी फाइल तोच काढून देतो. हेक्स जुळवत बसण्यात अर्धे लोक सोडून जातात.

गोरेवाडा

दोनशे बाइटांपुढे मीही एएसएमएच वापरते. पण पहिला प्रोग्राम हातानेच करावा. साधन एका आज्ञेत बूट करून देतं, ते ठीक. पण बूट झालं नाही की प्रश्न येतो तो पत्ता ८ वर काय होतं याचाच, आणि ते हाताने लिहिलेल्यालाच पाहता येतं.

सुरुवातीच्या तपासणीसाठी दोन्हींच्या मधली वाट म्हणजे हर्क्युलीसची लोडकोअर ही आज्ञा. सपाट प्रतिमा लोडकोअरने पत्ता २०० वर टाका, पत्ता ० वर आर आज्ञेने पीएसडब्ल्यू लिहा आणि रीस्टार्ट द्या. एस/३७० मध्ये रीस्टार्ट पत्ता ० वरचाच पीएसडब्ल्यू उचलतो. प्रोग्राम बरोबर आहे की वाचणारी साखळी चुकली, हे दोन प्रश्न त्यामुळे वेगळे होतात.

फुटाळा

मी उबुंटूवरच्या जीसीसीच्या एस३९० आवृत्तीने सी मध्ये छोटं फंक्शन लिहून प्रतिमा केली. ई६८ वर थांबतंय.

गोरेवाडा

२८ पासून आठ बाइट पाहा, तो जुना प्रोग्राम पीएसडब्ल्यू. त्यातला तिसरा-चौथा बाइट ०० ०१ असेल, म्हणजे ऑपरेशन एक्सेप्शन, ही सूचनाच यंत्राला माहीत नाही. ते जीसीसी झेड आर्किटेक्चरसाठी सूचना काढतं, त्यात एलएआरएलसारख्या गोष्टी येतात. एस/३७० च्या काळात त्या नव्हत्या.

उलट दिशेनेही हेच होतं. इथला प्रोग्राम ईएसए/३९० (एस/३७० नंतरच्या यंत्रांच्या) मोडमध्ये टाकला तर पीएसडब्ल्यूचा बिट १२ शून्य आहे म्हणून सुरुवातच होणार नाही. तो लावून ०० ०८ केला तरी एसआयओ तिथे नाही. तिकडे आय/ओसाठी ओआरबी, एसएससीएच, टीएससीएच लागतात, आणि सबचॅनेल (उपकरणाकडे जाणारी वाट) आधी एमएससीएचने उघडावा लागतो. कोणत्या उपकरणावरून आयपीएल झालं ते बी८ वरच्या शब्दात मिळतं, आपल्या बीसी मोडमध्ये ते पत्ता २-३ वर मिळतं. त्या विषयाला स्वतंत्र धागा लागेल.

अंबाझरी३७०

फुटाळा, टी+००सी (मध्ये जागा न सोडता) दिलं की त्या रीडरचा प्रत्येक सीसीडब्ल्यू छापला जातो, आणि नुसतं टी+ दिलं की प्रत्येक सूचना. ओएसटेलर नल ठेवा म्हणजे एकही प्रोग्राम चेक लपणार नाही. आणि बी+ २०० ने पहिल्याच सूचनेवर थांबवून आर २००.५० ने कार्ड ३ स्मृतीत जसंच्या तसं उतरलंय का ते ताडून घ्या.

फुटाळा

२८ वर ०००१ च आहे. ती सूचना सी० ने सुरू होते, म्हणजे एलएआरएलच. फंक्शन असेंब्लरमध्ये लिहून घेतो. टीआयओचं वळणही काढलंय. कन्सोलवर अक्षरं येतात, शेवट ई००, आणि वाट पाहताना पायचा सीपीयू जवळपास मोकळा राहून राहिला.